पोट आणि कंबर: लायपो, टमी टक की बेल्ट लिफ्ट? केलेल्यांनी खरं खरं सांगा

भिंगरी
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

अडीच वर्षांत ९६ वरून ६१ किलोवर आलेय. कसं आले ते वेगळं लिहीन कधीतरी, इथे तो विषय नको. वजन गेलं पण कातडी राहिली ना! बेंबीच्या खाली एक मोठी घडी लोंबते, बसलं की मांडीला टेकते आणि त्या घडीत घामाने कायम लाल झालेलं असतं, पावडर टाकून टाकून वैतागले. मागे कंबरेवर दोन्ही बाजूंना सैल वळ्या आहेत त्या वेगळ्याच. समोरून आरशात ठीक दिसतं, बाजूने बघवत नाही. दोन मुलं, दोन्ही वेळा सिझर.

दोन डॉक्टरांना दाखवून आले. पहिले म्हणाले लायपो करू, म्हणजे नळीने चरबी ओढून काढू, दीडदोन तासांचं काम, तिसऱ्या दिवशी चालाफिरायला लागाल, मी उभी होते तशीच त्यांनी लांबून पाहिलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं. दुसऱ्या बाईंनी मला उभं केलं, बसवलं, पुढे वाकवलं, मग झोपवून नुसती मान उचलायला लावली आणि पोटाची चिमटी धरून इकडे तिकडे ओढून पाहिलं आणि म्हणाल्या लायपोने तुमचं काम होणार नाही, कातडी कापायलाच लागेल, म्हणजे टमी टक, आणि मागचंही हवं असेल तर कंबरेभोवती पूर्ण गोल. मला तिथेच घेरी यायची बाकी होती.

एकाच पोटाला दोन टोकांची उत्तरं कशी काय? कुणी केलंय का यातलं काही? फोटो नकोत प्लीज, ते बघून बघून डोळे गेलेत.

अडगळ
मी केलंय. लायपो. आणि माझ्या केसमध्ये ते करायलाच नको होतं. लायपो वाईट आहे असं नाही म्हणत मी, माझ्यासाठी चूक होतं. तुझ्यासारखंच, वजन कमी झालेलं आणि कातडी सैल. उशीतला कापूस काढून घ्यावा आणि खोळ तशीच राहावी, अगदी तस्सं झालं. आधी निदान भरलेलं पोट होतं, आता सुरकुतलेलं आहे. बेंबीच्या डावीकडे हाताला एक खळगा लागतो, तिथे चरबी जास्तच ओढली गेलीय. ज्यांनी केलं त्यांना विचारलं तर म्हणे सूज उतरली की बसेल. दोन वर्षं झाली, कसली सूज आणि कसलं काय. दुसऱ्या बाईंचं ऐक.

सुईदोरा
भिंगरी, मी भूल देते, म्हणजे ही ऑपरेशन्स टेबलाच्या डोक्याच्या बाजूने वर्षानुवर्षं बघतेय. सर्जन नाही, त्यामुळे तुझ्या पोटाबद्दल मी काही ठरवणार नाही पण दोन उत्तरं का आली ते सांगू शकते.

पोट पुढे दिसतं किंवा लोंबतं त्याला चार वेगळी कारणं असतात आणि बहुतेक लोकांत ती मिसळलेली असतात. कातडी सैल असू शकते. कातडीखाली चरबी असू शकते, जी चिमटीत येते. स्नायू फाकलेले असू शकतात, म्हणजे पोटाच्या मधोमध जे दोन उभे पट्टे असतात ते गरोदरपणात एकमेकांपासून लांब जातात आणि मधली पांढरी शिवण ताणून पातळ होते, दोन बोटांपेक्षा जास्त फट असेल तर साधारण फाकलंय असं धरतात. आणि चौथी म्हणजे आतली चरबी, स्नायूंच्या पलीकडे आतड्यांच्या भोवती असते ती. ही चिमटीत येत नाही, आणि हिला कुठलाही सर्जन हात लावू शकत नाही. पोट टणक, पुढे आलेलं, ढोलासारखं, असे लोक लायपो करा म्हणून येतात तेव्हा चांगला सर्जन परत पाठवतो.

आता बघ, लायपो फक्त दुसऱ्या कारणावर चालतं. त्या बाईंनी मान उचलायला लावली ती स्नायूंची फट बघायला, तेव्हा मधोमध उभा उंचवटा येतो. वाकवलं ते कातडी किती लोंबते ते बघायला, उभं असताना ती लपते. आणि चिमटी कशासाठी ते तर आता तुला कळलंच असेल. तुझ्याकडे चरबी कमी आणि कातडी जास्त असेल तर पहिल्या डॉक्टरांनी नुसता कापूस काढला असता, अडगळने म्हटलंय तसा.

पिंपळपान
सुईदोरा ताई मस्त समजावलंत. पण टमी टकमध्ये नक्की करतात काय? मला वाटायचं पोट कापून चरबी काढतात आणि शिवतात, बास.

सुईदोरा
खूप जणांना असंच वाटतं. अगं काप खाली असतो, साधारण सिझरच्या जागी पण त्याहून बराच लांब, एका कंबरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत. मग तिथून वरची कातडी आणि चरबी मिळून एक जाड थर स्नायूंवरून सोडवत सोडवत वर बरगड्यांपर्यंत नेतात. बेंबीभोवती गोल काप घेऊन ती मागे ठेवतात, देठासारखी स्नायूंना चिकटलेली. मग फाकलेले स्नायू मधोमध टाके घालून जवळ आणतात, उभी शिवण, वरपासून खालपर्यंत. (पहिल्यांदा बघणाऱ्याला हा सगळ्यात भारी क्षण असतो, डोळ्यादेखत कंबर आत जाते.) त्यानंतर टेबल कंबरेत वाकवतात, वरचा थर पांघरुणासारखा खाली ओढतात, उरलेला तुकडा कापून टाकतात, आणि बेंबीच्या जागी नवीन भोक पाडून जुनी बेंबी त्यातून बाहेर काढून शिवतात. म्हणजे बेंबी हलत नाही, भोवतीची कातडी हलते. बेंबीच्या खालचे स्ट्रेच मार्क कापलेल्या तुकड्याबरोबर जातात, वरचे नुसते खाली सरकतात. सिझरचा जुना व्रणही बहुतेक वेळा त्यातच जातो.

मिनी टमी टकमध्ये फक्त बेंबीखालचं करतात, काप लहान, बेंबी सोडवत नाहीत, पण ते थोडंच सैल असलेल्यांसाठी. खूप वजन उतरलेल्यांना कधी कधी आडव्याबरोबर उभा कापही लागतो कारण कातडी दोन्ही दिशांनी जास्त असते. आणि मागच्या वळ्या, कुल्ल्यांचा वरचा भाग हे सगळं हवं असेल तर पूर्ण गोल, त्यालाच बेल्ट लिफ्ट नाहीतर लोअर बॉडी लिफ्ट म्हणतात.

अवांतर: लायपोचा इतिहास वाचून अंगावर काटा येतो. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये दुजारिए नावाच्या सर्जनने एका नर्तकीच्या पायातली चरबी गर्भाशय खरवडायच्या हत्याराने काढायला घेतली आणि शेवटी तो पाय कापावा लागला. बरीच वर्षं मग फारसं कुणी धजावलं नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी इलूझ या फ्रेंच डॉक्टरने बोथट टोकाची नळी वापरली, आणि १९८७ मध्ये क्लाइन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने सलाइन, बधिर करायचं औषध आणि अ‍ॅड्रिनलिन यांचं भरपूर पातळ द्रावण आधी आत भरायची पद्धत छापली. त्याने रक्त जायचं एकदम कमी झालं. आज सगळीकडे तीच चालते, पुढे अल्ट्रासाउंड लावा नाहीतर हलणारी नळी लावा, पाया तोच.

तिसरा_डोळा
कुणाला राग येऊ दे पण निरोगी शरीरावर सुऱ्या चालवून घ्यायचे हे चोचले मला कळत नाहीत. ३५ किलो कमी केले तेवढी जिद्द आहे ना, मग अजून व्यायाम करा, कातडी बसेल.

अडगळ
बसत नाही हो दादा. स्नायू बनतात, कातडी नाही बसत. ताणून ताणून तिची आतली वीण तुटलेली असते, इलॅस्टिक गेलेल्या मोज्यासारखी. आणि त्या घडीत बारा महिने जळजळ होत असेल त्याला चोचले म्हणायचं का?

सुईदोरा
तिसरा_डोळा, एक मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे आणि तो मांडायलाच हवा. नुसती चरबी ओढून काढल्याने तब्येत सुधारत नाही. २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं, १५ स्थूल बायकांची लायपो करून प्रत्येकीची दहाएक किलो चरबी काढली, आणि अडीचतीन महिन्यांनी बघितलं तर इन्सुलिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यात काहीच फरक नाही. आतली चरबी तशीच राहिली ना. त्यामुळे वजन कमी करायला लायपो असं कुणी सांगत असेल तर उठून यावं. भिंगरीने ते काम आधीच केलंय, तिचा प्रश्न उरलेल्या कातडीचा आहे.

रातकिडा
उशिरा येतोय. पुरुष, वय ४३. बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन उतरवायचं जठराचं ऑपरेशन झालं, ५८ किलो गेले, वजन एका जागी थांबल्यावर अजून वर्षभर थांबवलं मला, मग बेल्ट लिफ्ट. साडेसहा तास. आधी पालथं झोपवून मागचं करतात, मग सगळं झाकून उताणं करून पुढचं. मला अर्थात काही आठवत नाही, बायको बाहेर बसून म्हातारी झाली.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगतो. पुढचे टाके म्हणतात वाकून चाल, मागचे म्हणतात सरळ हो. दोन्ही एकाच वेळी ताणतात. पहिले दहा दिवस मी काठीवाल्या आजोबांसारखा चालत होतो आणि बसताना संडासाच्या सीटवर उंच बैठक ठेवून घेतली होती, ती आधी आणून ठेवा, नंतर सुचत नाही. झोपणं पाठीखाली तीन उशा, गुडघ्याखाली दोन, कुशीवर वळायचं नाही. चार ड्रेन होते, जखमेत साचलेलं बाहेर काढणाऱ्या नळ्या. टोकाला प्लास्टिकचे फुगे असतात, पिळून लावायचे म्हणजे ओढत राहतात. रोज सकाळ संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं, आधी लालभडक, मग गुलाबी, मग पिवळसर पाणी. माझ्या सर्जनचा नियम होता २४ तासांत ३० मिलिच्या खाली आलं की काढायचा. शेवटचा पंधराव्या दिवशी निघाला, ती नळी आतून सरकत बाहेर येते ना ते मी विसरणार नाही, दुखत नाही पण जीव कसानुसा होतो.

मागे माकडहाडाच्या वर जखम नखाएवढी उघडली. नंतर कळलं तिथे ताण सगळ्यात जास्त असतो म्हणून ते बऱ्याच जणांचं होतं. तीन आठवडे ड्रेसिंग करून भरली. आणि बेंबीच्या खालचा भाग आज वर्षाने सुद्धा थोडा बधीर आहे. एकदा पाठ दुखते म्हणून गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपलो, ती पुढे सरकली, सकाळी पोटावर फोड. काहीच कळलं नाही मला! बधीर जागी गरम काही नाही म्हणजे नाही.

केल्याचा पस्तावा आहे का? नाही. पण कुणी मला दोन आठवड्यांत कामावर जाशील म्हणालं असतं तर मी त्याला शोधत गेलो असतो.

पिंपळपान
बापरे. बरं थोडं वेगळं विचारते, रील्समध्ये कंबर बारीक करायला बरगड्या काढतात आणि कुल्ल्यात स्वतःचीच चरबी भरतात असं दाखवतात ते खरं आहे का हो?

सुईदोरा
दोन्ही खरं आहे आणि दोन्हीकडे मी फार सावधपणे बघते.

सगळ्यात खालच्या दोन बरगड्या, अकरावी आणि बारावी, पुढे कशालाच जोडलेल्या नसतात. पूर्वी त्यांचा तुकडाच काढायचे. हल्ली बरेच सर्जन काढत नाहीत, बारीक छेदातून अल्ट्रासाउंडच्या हत्याराने बाहेरच्या बाजूने अर्धवट कापून आत वाकवतात आणि मग काही महिने घट्ट कॉर्सेट घालून त्या वाकलेल्या अवस्थेत हाड जुळू देतात. त्या बरगड्यांच्या आतल्या बाजूला मूत्रपिंडं आहेत, डावीकडे प्लीहा आहे, आणि फुफ्फुसाचं आवरण पाठीमागे बाराव्या बरगडीपर्यंत उतरतं, म्हणजे चुकून तिथे भोक पडलं तर छातीत हवा भरते. पद्धत नवीन आहे, वीस वर्षांनी त्या हाडांचं काय होतं ते बघायला वीस वर्षं झालेलीच नाहीत. नुसतं कॉर्सेट घालून कंबर कायमची बारीक होत नाही हेही सांगून ठेवते, सोडलं की परत तेच.

कुल्ल्यात चरबी भरणं, बीबीएल म्हणजे ब्राझिलियन बट लिफ्ट. २०१७ मध्ये एका तज्ज्ञगटाने आकडे मांडले तेव्हा साधारण ३००० मागे एक मृत्यू असा अंदाज निघाला, हौसेच्या सर्जरीसाठी हा भयानक आकडा आहे. कारण असं की नळी स्नायूत गेली की तिथल्या मोठ्या शिरा फाटतात आणि चरबी थेट हृदयातून फुफ्फुसात जाते, टेबलावरच खेळ संपतो. २०१८ पासून स्पष्ट सूचना आहे की चरबी फक्त कातडीखाली भरायची, स्नायूत कधीच नाही. फ्लोरिडात तर नळीचं टोक कुठे आहे ते अल्ट्रासाउंडवर बघत करायची सक्ती आणि दिवसाला तीनच्या वर नाही असा नियम आणावा लागला. यावरून ओळखा काय चाललं होतं ते.

चिवट
आणि ते थंड करून चरबी मारायचं मशीन? ना भूल ना टाके.

अडगळ
थोडा फुगवटा असेल तर उपयोग होतो म्हणतात, पण कातडी त्यानेही बसत नाही. आणि क्वचित कुणाला उलटंच होतं, थंड केलेल्या जागी चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढून कडक गोळा होतो, मशीनच्या चौकोनाच्या आकाराचा. मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टाने २०२१ मध्ये स्वतःबद्दल हेच जाहीर सांगितलं होतं. मग तो काढायला लायपोच करायला लागते.

भिंगरी
सगळ्यांचे खूप आभार, रात्री दोनदा वाचला धागा. सुईदोरा ताई, खरी भीती कशाची बाळगायची? व्रणाची तयारी होतेय मनाची.

सुईदोरा
पायात रक्ताची गुठळी. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेततं. दिसण्यासाठीच्या ऑपरेशन्समध्ये टमी टक आणि गोल कापाची ऑपरेशन्स यात वरच्या नंबरवर आहेत, कारण एक तर लांब चालतात, शिवाय स्नायू आवळले की पोटातला दाब वाढतो आणि पायातलं रक्त वर यायला वेळ लावतं. म्हणून टेबलावर पोटऱ्यांना दाबणारे पट्टे, गरजेनुसार रक्त पातळ करायचं इंजेक्शन, आणि त्याच संध्याकाळी धरून का होईना चार पावलं चालवणं. घरात कुणाला गुठळी झाली होती का, तू गर्भनिरोधक गोळ्या घेतेस का, हे न विचारता जो तारीख देतो तिथे जाऊ नकोस. पोटरी एकाच बाजूची दुखली, सुजली किंवा धाप लागली तर सकाळची वाट बघायची नाही.

दुसरं तंबाखू. सिगरेट, व्हेप, निकोटिनची गोळी, सगळंच. सोडवून खाली ओढलेल्या कातडीचं रक्त लांबून येतं, निकोटिनने त्या नळ्या आकसतात आणि मधोमध खालचा तुकडा काळा पडतो. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. तिसरं, हिमोग्लोबिन आणि प्रोटीन तपास, एवढं वजन गेलेल्यांचं दोन्ही बऱ्याचदा कमी असतं आणि मग जखम भरत नाही. आणि वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असतील तर भूल देणाऱ्याला आधीच सांग, उपाशी असलीस तरी पोट भरलेलं असू शकतं. लोक हे लपवतात, का ते देव जाणे.

अजून मूल हवं असेल तर मात्र थांब, शिवलेले स्नायू परत ताणले जातात.

भिंगरी
मूल नको, दोन पुरे! सिगरेट कधीच नाही. हिमोग्लोबिन ९.८ आलंय. म्हणजे आधी ते.

भिंगरी
सात महिन्यांनी धागा वर काढतेय. झालं ऑपरेशन, चार महिने झाले.

पूर्ण गोल नाही केलं. त्या बाईंनी दोन्ही मांडून दाखवलं, गोल केलं तर मागच्या वळ्याही जातील पण महिनाभर घरात मदत लागेल, नाहीतर काप दोन्हीकडे कंबरेच्या मागपर्यंत नेऊन पुढचं पूर्ण आणि बाजूंना थोडी लायपो, मागे थोडं राहील. धाकटी अजून उचलून घे म्हणते, महिनाभर मदत कुठून आणू. मी दुसरं घेतलं. मागे राहिलंय थोडं, आधी सांगितलं होतं तेवढंच राहिलंय म्हणून त्याचं वाईट वाटत नाही. काढलेला तुकडा वजन करून सांगितला, एक किलो आठशे. वजनकाट्यावर काही विशेष नाही दिसत मग, पण शरीरावरून किती मोठं ओझं गेलं.

ड्रेन बाराव्या दिवशी काढले, आणि तिसऱ्या आठवड्यात पोट दाबलं की आत पाण्याची पिशवी हलल्यासारखं वाटायला लागलं. घाबरून गेले तर त्या शांतपणे म्हणाल्या पाणी साचलंय, आणि सुईने ओढून काढलं, ९० मिलि. आठवड्याने परत ४०. मग थांबलं. ती सुई घातलेली पण कळली नाही, बधीर जागा! रातकिडा दादा, तुमची आठवण झाली, गरम पिशवी मी घरातूनच हद्दपार केलीय.

अकराव्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण सरळ उभी राहिले, बेसिनशी, दात घासताना, ठरवून नाही, सहज लक्षात आलं की आरशात माझा चेहरा नेहमीच्या उंचीवर दिसतोय.

आता एक विचारायचंय. व्रणाच्या उजव्या टोकाला कातडीचा छोटा कोन वर आलाय, पँटच्या पट्ट्याला घासतो. आणि व्रण अजून लालच आहे, दोरीसारखा.

सुईदोरा
वा, छान बातमी. तो कोन म्हणजे ज्याला डॉग इअर म्हणतात तो, लांब काप मिटवताना टोकाला जास्तीची कातडी गोळा होते. आत्ता काही करू नकोस, सूज उतरताना बरेच बसतात. वर्षाने उरलाच तर तेवढी जागा बधीर करून वीस मिनिटांत काढतात. व्रण चार महिन्यांनी लालच असतो, फिका पडायला वर्षदीड वर्ष जातं. सिलिकॉनची पट्टी लाव आणि ऊन लागू देऊ नकोस.

अडगळ
बेंबी कशी आहे ते सांग ना, मला तेच ऐकायचंय.

भिंगरी
लहान झालीय आणि किंचित डावीकडे आहे! सर्जनबाई म्हणाल्या तुझी आधीपासूनच डावीकडे होती, आधीचा फोटो काढून फुटपट्टी लावून दाखवली. चाळीस वर्षांत मला माहीत नव्हतं. आणि हो, पावडरचा डबा धाकटीच्या खेळण्यांत गेलाय.